बागेत कोण शिरले?

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे जेवणे आटोपल्यावर भाचीने वहीचे एक पान माझ्यापुढे सरकवले. "मामा, सव्वीस ही एकटीच संख्या अशी आहे म्हणे, की तिच्या एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला घन. पंचवीस म्हणजे पाचाचा वर्ग, सत्तावीस म्हणजे तिनाचा घन. आमच्या बाई म्हणाल्या, दुसरी कितीही शोधलीस तरी सापडायची नाही. खरं का?"

मी म्हटले, खरे आहे.

"पण कशावरून?"

फराळाच्या ताटावरून उठता उठता उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हे. पहिले हजार घन तपासून पाहिले, दहा हजार पाहिले, तरी 'कशावरून' जागचे हलत नाही. फर्मा या फ्रेंच न्यायाधीशाने सतराव्या शतकात हे विधान केले. ऑयलरने अठराव्या शतकात त्याची जी सिद्धता दिली, तिच्यात त्याने एक धिटाई केली. ज्या संख्येचा वर्ग उणे दोन भरतो, अशी एक संख्या आहे असे त्याने खुशाल मानले. अशी संख्या बाजारात मोजता येत नाही, पट्टीवर दाखवता येत नाही. पण ती मानली की वर्गात दोन मिळवून होणाऱ्या बेरजेचे दोन अवयव पडतात आणि पुढचे सारे एका पानात आटोपते. ऑयलरने त्या नव्या संख्यांविषयी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली होती. पुढच्या शतकात तशा गोष्टी तपासावयास लोक बसले आणि त्या तपासणीतून आधुनिक बीजगणिताचा मोठा भाग उभा राहिला. म्हणजे प्रश्न शाळकरी पोरीचा, आणि उत्तरासाठी जावे लागते ते न दिसणाऱ्या संख्यांच्या गावाला.

हे सांगण्याचे कारण असे की गणितात मूर्त थोर की अमूर्त थोर, या वादावर बोलताना मंडळी दोन्ही पक्ष अगदी सोवळ्यात ठेवतात. एकीकडे आकडे, उदाहरणे, हाताने केलेले हिशेब. दुसरीकडे संच, समूह, व्याख्या आणि पुन्हा व्याख्या. ज्या भांडणाविषयी मी लिहिणार आहे त्यात तर दोन्ही बाजूंची माणसे पहिल्या प्रतीची होती, आणि भांडण झाले ते चक्क एका पुस्तक-परीक्षणावरून. दिवाळी अंकाच्या वाचकाला परीक्षणांवरची भांडणे नवी नाहीत. फरक इतकाच, की या भांडणाचा निकाल एकोणीस वर्षांनी खरोखरीच लागला, आणि तो कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे लागला नाही.

१९६२ साली सर्ज लँग या अमेरिकेत स्थायिक झालेल्या, पॅरिसजवळ जन्मलेल्या गणितज्ञाने 'डायोफँटाइन जॉमेट्री' नावाचा ग्रंथ काढला. विषय जुनाच: ज्या समीकरणांची उत्तरे पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत हवी आहेत, ती समीकरणे. अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसपासून चालत आलेला हा छंद. १९६४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये या ग्रंथाचे परीक्षण आले. परीक्षणकार होते लुई मॉर्डेल, वय वर्षे शहात्तर.

मॉर्डेल कोण, हे थोडे सांगितले पाहिजे. जन्म १८८८ चा, फिलाडेल्फियाचा. जुन्या बाजारातील पुस्तकांवर पोसलेला हा मुलगा स्वतःच गणित शिकला आणि केंब्रिजच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला एकटा समुद्र ओलांडून गेला. तिथे पहिला आला. पुढे मँचेस्टरला त्याने नाव काढले आणि शेवटी केंब्रिजला हार्डींच्या जागेवर प्राध्यापक झाला. हे तेच हार्डी, ज्यांनी रामानुजनांना बोलावून घेतले होते. मॉर्डेल यांचा सारा जन्म एकेका समीकरणाशी झटापट करण्यात गेला. माझ्या भाचीचे समीकरण, 'क्ष चा घन वजा दोन म्हणजे य चा वर्ग', त्यांच्या खास आवडीच्या घराण्यातले.

ते समीकरण पुन्हा एकदा हातात घेऊ. पूर्णांकांत त्याचे उत्तर एकच, क्ष ३ आणि य ५. पण अपूर्णांक चालतील म्हटले तर? येथे १६२१ साली डायोफँटसची आवृत्ती काढणाऱ्या बाशे या फ्रेंच पंडिताची एक युक्ती उपयोगी पडते. समीकरणाची आकृती काढली की एक वक्र रेषा मिळते. तिच्यावरच्या (३, ५) या बिंदूपाशी स्पर्शिका काढावी. ती त्या वक्राला आणखी एका ठिकाणी छेदते. तो छेदनबिंदू मांडून पाहिला तर क्ष भरतो १२९/१०० आणि य भरतो ३८३/१०००. चिन्ह अधिक घ्या वा उणे. ज्याला शंका असेल त्याने १.२९ चा घन करावा: २.१४६६८९. त्यातून दोन वजा करावेत आणि ०.३८३ चा वर्ग करून ताडा पाहावा. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतो. आता या नव्या बिंदूपाशी पुन्हा स्पर्शिका, पुन्हा नवे उत्तर. एका उत्तरातून उत्तरांची अशी न संपणारी माळ निघते.

१९२२ साली मॉर्डेल यांनी सिद्ध केले ते हे की अशा समीकरणाची अपूर्णांकांतील उत्तरे कितीही असोत, ती सारी मूठभर मूळ उत्तरांपासून, अशाच रेषा मारमारून मिळवता येतात. आणि त्याच निबंधाच्या अखेरीस त्यांनी एक अटकळ मांडली. ती समजावयाला मला फराळाच्या डब्याची मदत घ्यावी लागेल.

समीकरणातील अक्षरांना नेहमीच्या संख्यांऐवजी संमिश्र संख्या होण्याची मुभा दिली, तर त्याचे चित्र रेघ न राहता एखाद्या वस्तूच्या पृष्ठभागासारखे होते. काही समीकरणांचा पृष्ठभाग बेसनाच्या लाडवासारखा असतो, भोक नसलेला. काहींचा कडबोळ्यासारखा, एका भोकाचा; २५-२६-२७ चे समीकरण या जातीचे. आणि काहींचा दोन, तीन किंवा अधिक कडबोळी तळताना चिकटून गेल्यासारखा. लाडू-जातीच्या समीकरणाला अपूर्णांकांत उत्तर मुळीच नसते किंवा अगणित असतात. कडबोळे-जातीविषयी मॉर्डेल यांचा सिद्धांत वर आलाच आहे. त्यांची अटकळ उरलेल्यांविषयी होती: भोके दोन किंवा अधिक असतील, तर उत्तरे मोजकीच असणार. कितीही शोधा, माळ कुठेतरी संपणार. त्यांच्यापाशी सिद्धता नव्हती. त्यांनी ती पुढील पिढ्यांवर सोपवली.

आता लँग यांचा ग्रंथ. लँग बूरबाकी-मंडळींपैकी. १९३५ च्या सुमारास काही तरुण फ्रेंच गणितज्ञांनी निकोला बूरबाकी हे खोटे नाव घेऊन सारे गणित पायापासून, शक्य तितक्या व्यापक स्वरूपात पुन्हा लिहावयाला घेतले. त्यांतला प्रमुख आंद्रे व्हेय. हा त्याआधी दोन वर्षे अलीगढला प्राध्यापक होता आणि गीता संस्कृतातून वाचणारा होता. मॉर्डेल यांच्या १९२२ च्या सिद्धांताला १९२८ साली मोठे व्यापक रूप दिले ते याच व्हेय यांनी. लँग यांच्या ग्रंथात ते रूप आहे, झीगेल या जर्मन गणितज्ञाचा १९२९ चा प्रसिद्ध सिद्धांत आहे, आणि सारे एका नव्या, अतिशय आवळलेल्या भाषेत आहे. उदाहरणे शोधावी लागतात.

मॉर्डेल यांनी परीक्षणात आपली तुलना रिप व्हॅन विंकलशी केली. गोष्टीतला तो माणूस डोंगरात झोपी जातो आणि उठून गावात येतो तो ओळखीचे काही उरलेले नसते. या एका रूपकात परीक्षणाचा सारा रोख आहे. ज्या घरात आपण चाळीस वर्षे काढली, ते घर आपल्याला ओळखू येत नाही, ही त्यांची तक्रार. आपल्याच सिद्धांताची सिद्धता वाचावयाला आपणच असमर्थ ठरावे, यात विनोद आहे आणि दुःखही आहे.

माझ्या मते परीक्षण म्हणून हे परीक्षण चांगलेच आहे. पुस्तक कोणासाठी लिहिले, हा प्रश्न विचारणे परीक्षणकाराचे कामच असते, आणि गणिताच्या पुस्तकाला तो विचारू नये असे कोठे लिहिले आहे? ज्याला आधीच सर्व येते त्यालाच समजेल असा ग्रंथ हा एक प्रकारे मित्रमंडळींत वाटलेला खाजगी कागद होय. मी स्वतः हे भोगले आहे. कॉलेजात, नाव कशाला सांगू, समूहाची व्याख्या फळ्यावर आली आणि तीन आठवडे तिच्या मागून प्रमेये येत राहिली. उदाहरण एकही नाही. मी व्याख्या पाठ केली, परीक्षेत बरे गुण मिळवले, आणि घड्याळाचा काटा बाराच्या पुढे जाऊन पुन्हा एकावर येतो तोही एक समूहच आहे हे मला दोन वर्षांनी, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देताना कळले. त्या दिवशी आनंद झाला, पण रागही आला. माझ्याबरोबरचे तिघेचौघे त्या तीन आठवड्यांतच गणित सोडून गेले होते. त्यांना ते घड्याळ कोणी दाखवले नाही.

पण मॉर्डेल यांच्या परीक्षणाने गप्पा थांबल्या नाहीत. ते वाचून झीगेल यांनी मार्च १९६४ मध्ये मॉर्डेल यांना एक पत्र लिहिले. झीगेल हे विसाव्या शतकातील संख्याशास्त्राचे एक मोठे दैवत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेलाही त्यांचा लाभ झाला. तेथील त्यांच्या व्याख्यानांची टिपणे १९६१ साली पुस्तकरूपाने निघाली आहेत. त्या पत्रात त्यांनी लिहिले ते कठोर होते. आपल्या कामाचे या ग्रंथात विद्रूपीकरण झाले आहे, असे ते म्हणाले. सुंदर बागेत डुक्कर शिरून फुले-झाडे उखडून टाकावीत तसे हे दृश्य आहे, असे म्हणाले. या निरर्थक अमूर्ततेला त्यांनी रिकाम्या संचाचा सिद्धांत असे नाव ठेवले, आणि ही लाट थोपवली नाही तर शतक संपण्यापूर्वी गणित नष्ट होईल अशी भीती व्यक्त केली. एवढ्यावर न थांबता त्यांनी या नव्या मंडळींच्या उद्धटपणाची तुलना नाझींच्या उद्धटपणाशी केली. झीगेल स्वतः १९४० साली जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले. तो शब्द त्यांनी सहज वापरला असेल असे वाटत नाही. म्हणूनच तो अधिक अन्यायाचा वाटतो. लँग हा काही घरे जाळावयाला निघालेला माणूस नव्हता. तो फक्त दुर्बोध लिहीत होता.

येथपर्यंतची कथा ऐकली की आपल्यासारखा सामान्य वाचक सहजच मॉर्डेल-झीगेल यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. हाताने मोजणारी माणसे आपल्याला आपली वाटतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आपल्याला किती जवळचे वाटतात! चार अंकी संख्या घ्या, सारे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, पुन्हा करा. शेवटी ६१७४ येणारच. १९६२ घेतली तर ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत घर गाठले. कापरेकरांना हे १९४९ च्या सुमारास दिसले आणि १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर साऱ्या जगाला कळले. पण मनावर दगड ठेवून एक गोष्ट म्हणावीच लागते. ६१७४ हे रत्न आहे, बीज नाही. दहांच्या ऐवजी बारांच्या गटांनी मोजणाऱ्या लोकांत ते हरवून जाते. २५, २६, २७ चे उदाहरण मात्र ज्याने ज्याने पेरले त्याच्या हाती काही वेगळेच झाड आले. उदाहरणांतही असा फरक असतो, आणि तो ओळखावयाला नुसते उदाहरण पुरत नाही.

१९८३ साली मॉर्डेल यांची अटकळ सिद्ध झाली. सिद्ध करणारा गेर्ड फाल्टिंग्ज हा तिशीही न गाठलेला जर्मन तरुण होता. १९८६ साली त्याला त्यासाठी फील्ड्स पदक मिळाले. आणि त्याने ती सिद्ध केली ती कोणत्या हत्यारांनी? लँग यांच्या ग्रंथाच्या भाषेनेच नव्हे, तर तिच्याही पुढे गेलेल्या, मॉर्डेल यांना बहुधा तिसऱ्या पानावरच सोडून द्यावी लागली असती अशा भाषेने. साठोत्तर फ्रेंच आणि रशियन भूमितीचे सारे अवजड सामान त्यात आहे.

हे सामान का लागले, याची कल्पना थोडी तरी द्यावयास हवी. नाहीतर मीही ज्या पुस्तकाला नावे ठेवतो त्याच पंगतीला बसेन. देवळाच्या गाभाऱ्यात किती माणसे आहेत हे आत शिरून मोजता येत नसेल, तर बाहेरच्या चपला मोजता येतात. १९६८ साली पार्शिन या रशियन गणितज्ञाने असेच काही केले. समीकरणाच्या वक्रावरील प्रत्येक अपूर्णांकी बिंदूच्या नावाने त्याने एक नवा वक्र बांधून दाखवला, आणि एकाच नव्या वक्राच्या वाट्याला फार बिंदू येत नाहीत हे पाहिले. आता बिंदू मोजावयाचे नाहीत, हे नवे वक्र मोजावयाचे. ते मोजकेच असतात, असे शाफारेविच यांनी १९६२ साली अनुमान केले होते. फाल्टिंग्ज यांनी सिद्ध केले ते हे. पण वक्र 'मोजावयाचे' तर एकेका वक्राकडे न पाहता साऱ्या वक्रांच्या समुदायाकडे एक वस्तू म्हणून पाहता आले पाहिजे, त्या समुदायाची भूमिती करता आली पाहिजे. हाताने एकेक समीकरण सोडवणाऱ्याला ते दार दिसतच नाही. झीगेल ज्याला रिकामा संच म्हणाले, त्यात हे सारे भरलेले होते.

मॉर्डेल १९७२ साली वारले, झीगेल १९८१ साली. दोघांनाही हा दिवस दिसला नाही.

मग लँग जिंकले आणि परीक्षणकार हरले असे म्हणावयाचे काय? मला तसे म्हणवत नाही, आणि त्याचे कारण त्या सिद्धतेच्याच पोटात आहे. फाल्टिंग्ज यांची सिद्धता उत्तरे मोजकी आहेत एवढे सांगते. ती कोणती, हे सांगत नाही. एखाद्याने पत्र पाठवावे की तुमचे हरवलेले दागिने याच वाड्यात आहेत, आणि खोली कोणती ते लिहू नये, तसे. सर्व समीकरणांना हमखास लागू पडेल अशी यादी करण्याची रीत आजही कोणापाशी नाही. गंमत अशी की झीगेल यांच्या १९२९ च्या सिद्धांतातही हेच वैगुण्य होते: पूर्णांकांतील उत्तरे मोजकी, एवढे कळे, कोणती, ते कळत नसे. बागेच्या मालकाच्या घरातही एक रिकामा संच होताच!

आणि म्हणून डायोफँटसच्या एका उदाहरणाची हकिगत मला फाल्टिंग्ज यांच्या विजयाइतकीच मोलाची वाटते. त्याच्या एका प्रश्नातून असे समीकरण निघते: क्ष चा सहावा घात, अधिक क्ष चा वर्ग, अधिक एक, म्हणजे य चा वर्ग. डायोफँटसने उत्तर दिले, क्ष म्हणजे १/२. तपासून पाहा: १/६४ अधिक १६/६४ अधिक ६४/६४, म्हणजे ८१/६४, आणि त्याचे मूळ ९/८. हे समीकरण दोन कडबोळी चिकटलेल्या जातीचे. शून्याहून मोठे दुसरे उत्तर आहे का? फाल्टिंग्ज यांच्या सिद्धांताने फार तर 'मोजकी असतील' एवढेच कळते. १९९७ साली बर्कली येथे जोसेफ वेदरेल याने आपल्या प्रबंधात दाखवले की दुसरे नाही. सुमारे सतराशे वर्षे एक उत्तर एकटे उभे होते, आणि ते एकटेच आहे हे कळावयाला अमूर्त हत्यारे तर लागलीच, पण ती या एका समीकरणावर घासून, त्याच्या नेमक्या अंकांना चिकटून वापरावी लागली. मॉर्डेल यांच्या हाताचे काम लँग यांच्या हत्यारांनी झाले, असे मी म्हणतो. मॉर्डेल यांचा आग्रह चुकीचा नव्हता. तो लवकर पुरा होणार नव्हता, इतकेच.

लँग यांच्याविषयी आणखी दोन गोष्टी. १९८३ साली त्यांनी आपला ग्रंथ वाढवून नव्या नावाने काढला, तेव्हा मॉर्डेल यांचे परीक्षण संपूर्ण परिशिष्टात छापले. शेजारी, मॉर्डेल यांच्या १९६९ च्या ग्रंथाचे आपण केलेले परीक्षणही. झीगेल यांचे पत्रही पुढे १९९५ साली त्यांनीच एका लेखात प्रसिद्ध केले. भांडखोर माणूस होता, पण आपल्यावरचे कागद लपवणारा नव्हता. आपल्याकडील किती ग्रंथकार दुसऱ्या आवृत्तीला पहिल्या आवृत्तीवरील टीका जोडतात, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. १९८१, १९८२ आणि १९८३ साली लँग यांनी पॅरिसच्या पॅले द ला देकुव्हेर्त या विज्ञानसंग्रहालयात साध्या नागरिकांसमोर तीन व्याख्याने दिली. समोर गणितज्ञ नव्हते. दुसऱ्या व्याख्यानाचा विषय होता हाच, पूर्णांक आणि अपूर्णांकांतील समीकरणे. आणि तिथे हा बूरबाकीचा माणूस खडू घेऊन उभा राहिला, पायथागोरसच्या त्रिकोणापासून निघाला, घनाचे वक्र काढले, त्यांच्यावर रेषा मारून एका बिंदूतून दुसरा बिंदू कसा मिळतो ते दाखवले, श्रोत्यांना प्रश्न विचारले, चुकीची उत्तरे हसत खेळत दुरुस्त केली. ती व्याख्याने पुस्तकरूपाने मिळतात, वाचावीत. १९६२ च्या ग्रंथात मॉर्डेल यांना जे सापडले नाही ते सारे इथे आहे. म्हणजे त्यांना येत नव्हते असे नाही. समोर माणसे बसलेली दिसली की येत होते.

भाचीला त्या रात्री मी ऑयलरची सिद्धता सांगू शकलो नाही. तिला अजून थोडे थांबले पाहिजे. स्पर्शिकेची रीत मात्र दाखवली. १२९/१०० तिने तपासून घेतले. त्यानंतर ती दुसऱ्या स्पर्शिकेच्या मागे लागली, आणि दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा वहीच्या तीन पानांवरून खाली उतरत तिचा अपूर्णांक २३४०९२२८८१/५८६७५६०० पर्यंत आला होता. य काढावयाचा राहिला होता, आणि तिची आई दारातून ओरडत होती की आधी मामाला नमस्कार कर, मग कर ते गुणाकार.